माझ्या नावावर चार डोस

हा किस्सा मी आपणहून कोणाला सांगत नाही. पण घरी पाहुणे आले, चहा झाला, की आमची ही तो सांगायला घेतेच, आणि तिच्या सांगण्यात मी आहे त्याहून जास्त बावळट दिसतो. तेव्हा तिच्याकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐका. बावळटपणा तेवढाच आहे, फक्त मी जरा हळू आवाजात सांगतो.

मी सुरेश सावंत. काळाचौकीला राहतो. फोर्टमधल्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. म्हणजे उभा जन्म दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म तपासण्यात गेला. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं त्याची लाज किती मोठी ते कळेल.

करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती. लस मिळवायची तर मोबाइलवर नोंदणी करावी लागायची आणि सेंटरचा स्लॉट दिसेदिसेपर्यंत गायब व्हायचा. आमच्या इमारतीत हे कोणाला जमेना. मला जमलं. कसं कोण जाणे, पण जमलं. मग काय विचारता, तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळे माझ्याकडे. कोणाचं नाव चुकलं, कोणाचं वय चुकलं, जा सावंतकाकांकडे. मला 'लसवाले काका' म्हणायला लागले. चौथ्या मजल्यावरच्या कदम आजी तर मला डॉक्टर समजून गुडघे दाखवायच्या. मी एकदोनदा बघितलेही.

तर अशी माझी कीर्ती असताना आमच्या लेकीचं, केतकीचं बाळंतपण जवळ आलं. ती परदेशात. कुठल्या देशात ते सांगत नाही, त्या बिचाऱ्यांची यात काही चूक नाही. पहिलंच बाळंतपण, तिला सासूबाई नाहीत, म्हणजे आईनेच जायला हवं होतं. मी हिच्याबरोबर सामान उचलायला जाणार होतो, एवढंच.

आता त्या देशाचे नियम. ते सकाळी एक असायचे आणि दुपारच्या चहापर्यंत दुसरे. मी वहीत उतरवून घ्यायचो आणि खोडायचो, घ्यायचो आणि खोडायचो. शेवटी जे उरलं ते असं: दोन्ही डोस झालेले हवेत. प्रमाणपत्रावर नाव पासपोर्टात आहे तस्संच हवं, जन्मतारीख पूर्ण हवी, पासपोर्ट नंबर हवा. विमान सुटायच्या आधी बहात्तर तासांत नाकातोंडातून स्वॅब द्यायचा. आणि एवढं सगळं करून उतरलात, तरी सात दिवस हॉटेलच्या खोलीत कोंडून घ्यायचं.

डोस आमचे झाले होते. दोघांनी एकाच दिवशी, एकाच सेंटरवर, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून घेतले होते. पण प्रमाणपत्रावर माझं नाव नुसतं 'सुरेश सावंत' आणि हिचं 'सुलभा सावंत'. जन्मतारखेच्या जागी नुसतं साल. पासपोर्टवर मात्र पूर्ण नावं. म्हणजे दुरुस्ती करायला हवी. ती सोय मोबाइलवर होती. फक्त एक अट होती, दुरुस्ती एकदाच करता येईल. एका माणसाला एकदाच.

मला कसली भीती? मी अर्ध्या इमारतीची दुरुस्ती केली होती.

सकाळी आंघोळ वगैरे करून बसलो. चष्मा पुसला. दोघांची नोंद माझ्याच नंबरावर, त्यामुळे स्क्रीनवर दोन चौकोन, वर माझा, खाली हिचा. म्हटलं आधी आपलं करू, मग हिचं. माझा पासपोर्ट उघडून समोर ठेवला. तेवढ्यात ही आतून म्हणाली, "अहो, अळीव एक किलो घेऊ की दोन?"

"एक घे," मी म्हणालो. "तिकडे कोण एवढे लाडू खाणार आहे?"

"केतकी खाईल. तुम्हाला काय कळतंय त्यातलं."

या अळिवाच्या भानगडीत ओटीपीची वेळ संपली आणि स्क्रीन बाहेर पडली. मी पुन्हा आत शिरलो. पुन्हा दोन चौकोन आले. वरच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि भरायला लागलो. सुरेश गणपत सावंत, एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून. जन्मतारीख. पुरुष. पासपोर्ट नंबर तीन वेळा वाचला, एकदा उलटाही वाचला. 'ही दुरुस्ती पुन्हा करता येणार नाही, आपली खात्री आहे का?' असं त्याने विचारलं. मी 'होय' दाबलं. अहो, किती समाधानाने दाबलं म्हणून सांगू.

मग हिचं करायला गेलो, तर हिचं नाव कुठेच दिसेना. वर सुरेश गणपत सावंत. खाली सुरेश सावंत.

आत पुन्हा शिरताना त्या चौकोनांनी जागा बदलल्या होत्या. वर हिचा आला होता. मी माझी माहिती, एकही चूक न करता, बायकोच्या खात्यात भरली होती.

पंखा फिरत होता, त्याकडे बघितलं. मग हिला हाक मारली.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी लस घेतलीच नाही?"

"घेतलीस ना. पण माझ्या नावाने."

"आणि तुम्ही?"

"मी पण माझ्याच नावाने."

ही रागावली की मालवणीत जाते. "आता थंयसर गप बसा," ती म्हणाली. "आणि त्या मोबाइलाक परत हात लावशात तर बघा."

हेल्पलाइनला फोन लावला. तिथे सनई वाजत होती. पाऊण तास सनई ऐकली, मग फोन कट झाला. शेवटी दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कागदपत्रांची पिशवी घेऊन लसीकरण केंद्रावर गेलो, जिथे डोस घेतले होते तिथेच. रांगेत दीड तास गेला. आत एक तरुण डॉक्टर मॅडम बसल्या होत्या. चेहऱ्यावर दोन मास्क, डोळे झोपेला आलेले. त्यांनी माझा नंबर टाकला आणि स्क्रीनकडे बघतच राहिल्या.

"काका, तुम्ही चार डोस घेतलेत?"

"नाही हो, दोनच. बाकीचे दोन बायकोचे."

"बायकोचे तुम्ही घेतलेत?"

"तिचे तिनेच घेतले. माझ्या नावावर."

"का?"

आता या 'का'ला काय उत्तर आहे, तुम्हीच सांगा. मी ओटीपीपासून सुरुवात केली. अळिवापर्यंत पोचलो तेव्हा मॅडमनी हात वर करून मला थांबवलं.

"एकाच दिवशी दोन-दोन दिसतायत. चक्कर येते का? छातीत धडधड?"

"कालपासून येते," मी म्हणालो. खरंच येत होती.

झालं. त्यांनी माझं बीपी बघितलं. ते इतकं वर होतं की मॅडमची झोप उडाली. मला उचलून निरीक्षणाच्या खोलीत बसवलं, नुकती लस घेतलेल्या लोकांमध्ये. अर्धा तास उठायचं नाही म्हणाल्या. एक स्वयंसेवक बाई प्रत्येकाला विचारत फिरत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि प्रेमाने म्हणाल्या, "काका, पहिला की दुसरा?"

"चौथा," मी म्हणालो.

त्या लगबगीने पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

तिकडे टेबलापाशी हिची वेगळीच चौकशी चालली होती. तिचं नाव कुठेच सापडेना. नोंदी करणारी एक मुलगी तिला समजावत होती, "काकू, एवढे दिवस लस घेतली नाही? घाबरायचं नसतं. काही दुखत नाही." माझी बायको, जी दोन्ही वेळा माझ्या आधी बाही वर करून बसली होती, तिने त्या खोलीच्या दारातून माझ्याकडे एकदा बघितलं. तेवढ्याने माझं बीपी पुन्हा तपासावं लागलं.

शेवटी सगळ्यांच्या लक्षात आलं काय झालंय ते. डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत, हसायचं त्राण त्यांच्यात नसावं. म्हणाल्या, "हे आम्हाला इथून बदलता येत नाही. अर्ज द्या. वरून दुरुस्त होऊन येईल."

"किती दिवसांत?"

"वरून येईल तेव्हा."

"नाहीतर पुन्हा लस घेतली तर?" हिने विचारलं. लेकीसाठी ती बाई तेही करायला तयार होती. पण तेव्हा दोन डोसांमध्ये जवळजवळ तीन महिन्यांचं अंतर ठेवायचा नियम होता, आणि केतकीला राहिले होते तीन आठवडे.

घरी यायला निघालो. लालबागच्या पुलाखालून चालत आलो. मला वाटत होतं तिने भांडावं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. घरी आल्यावर तिने आणलेला अळीव डब्यात भरून ठेवला, झाकण लावलं, आणि डब्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

केतकीला मीच फोन केला. सगळं सांगितलं.

"मग कोण येणार?"

"मी येतो ना."

"बाबा," ती म्हणाली, अगदी मायेने म्हणाली, "तुम्ही येऊन काय करणार?"

मलाही तेच वाटत होतं. मी तिकीट रद्द करायच्या विचारात होतो. पण ही म्हणाली, "जा तुम्ही. पोरीजवळ आपलं कोणीतरी हवं. तुम्ही तर तुम्ही."

मग तयारी. तीन दिवस ती मला शिकवत होती. बाळाची मान कशी धरायची, शेक कसा द्यायचा, पेज किती पातळ करायची. उशीला टॉवेल गुंडाळून त्याला माझ्याकडून तेल लावून घेतलं. "तो टॉवेल आहे म्हणून गप आहे," ती म्हणाली. मी स्वॅब दिला, निगेटिव्ह आला. आणि एक गोष्ट राहिलीच सांगायची. माझं स्वतःचं प्रमाणपत्र अजून अर्धवटच होतं. माझी एकदाची दुरुस्ती शिल्लक होती, पण ती मोबाइलवर करायला ही मला देईना. म्हणजे माझं पूर्ण नाव, पूर्ण तारीख आणि पासपोर्ट नंबर असलेलं एकच प्रमाणपत्र जगात होतं, आणि ते खरं तर हिचं होतं. मी बायकोच्या डोसांवर परदेशात गेलो.

विमानतळावर पोचलो. काउंटरवरच्या मुलीने कागद बघितला, पासपोर्ट बघितला, आणि म्हणाली, "परफेक्ट आहे, सर. सगळ्यांचं असं असतं तर आमचं काम किती सोपं झालं असतं." मी थँक्यू म्हणालो. तिकडे उतरल्यावर तर तिथल्या अधिकाऱ्याने दोन सेकंद बघून परत दिला. ज्या कागदापायी माझी बायको काळाचौकीला बसली होती, त्याच्याकडे दोन सेकंद.

मग हॉटेल. खिडकी उघडत नव्हती. जेवण दाराबाहेर ठेवून बेल वाजवायचे, आणि दार उघडेपर्यंत माणूस गायब. जेवण म्हणजे उकडलेलं काहीतरी आणि त्याच्या शेजारी उकडलेलं दुसरं काहीतरी. दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी बॅग उघडली आणि बाळंतिणीचे लाडू खाल्ले. आठ खाल्ले. हे हिला अजून माहीत नाही, आणि ती इथे आली की तुम्ही बोलणार नाही आहात.

केतकीचं हॉस्पिटल माझ्या हॉटेलपासून चालत वीस मिनिटांवर. हिशेब असा होता की मी सात दिवसांनी सुटेन आणि मग बाळंतपणाआधी आठवडाभर तरी हाताशी राहील. बाळ चौथ्या दिवशी आलं.

जावयांचा, अमेयचा फोन आला. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मी खाली रिसेप्शनला फोन करून विचारलं, मास्क लावून, लांबून, पाच मिनिटं जाऊन येऊ का? बाईंनी फार सभ्यपणे नाही म्हटलं. मी पलंगावर बसलो. वीस मिनिटांवर माझी नात आणि मी आत. हिला मी घरी बसवलं, मला यांनी इथे बसवलं.

थोड्या वेळाने अमेयने व्हिडिओ कॉल लावला. एका चौकोनात केतकी, एकात मी, एकात ही. काळाचौकीला दुपार होती. हिच्या मागे आमची अर्धी इमारत उभी होती, कदम आजीसुद्धा जिना उतरून आल्या होत्या. केतकीने मोबाइल बाळाकडे वळवला. मला एक कान दिसला, आणि तिथेच माझी स्क्रीन थिजली. हॉटेलचं वायफाय.

आवाज मात्र स्वच्छ येत होता. "गो बाय माझी," ही म्हणत होती. मागून बायका नाक कोणासारखं, कपाळ कोणासारखं ते सांगत होत्या. कदम आजी म्हणाल्या, रंग छान आहे. पाच हजार मैलांवरून कदम आजींना माझ्या नातीचा रंग दिसत होता आणि मी त्या एका कानाकडे बघत बसलो होतो.

"आई," केतकी म्हणाली, "बाबा हलत नाहीयेत. हँग झालेत वाटतं."

"असू दे," ही डोळे पुसत म्हणाली. "तसेच राहू दे त्यांना. निदान काही भरत तरी नाहीत."