सुरक्षित म्हणजे काय?

मंडळी, मी आज हादरलेय.

दुपारी सांगलीत, तिसरीतल्या नातीकडून समानार्थी शब्द घोकून घेत होते. "सुरक्षित?" ती पटकन म्हणाली, "बंद." का गं? "आई कामावर जाताना म्हणते, दार बंद ठेव, म्हणजे तू सुरक्षित."

सत्तरच्या दशकात कोयनानगरला मी शाळेत बाई होते. भूकंपाला काही वर्षं झाली होती. तिथं हाच शब्द विचारला, तर अख्खा वर्ग ओरडला, "उघड्यावरचं!" मी चूक म्हणाले. एक पोरगी उठली. "न्हाई बाई. धरणी हलली तवा आमी अंगणात पळालो. आई घरात हुती."

उद्या नातीची चाचणी आहे. सांगा, पुस्तकातलं 'निर्धोक' हे उत्तर तिच्याकडून कुठल्या तोंडानं पाठ करून घेऊ?