उजवा कौल

माझ्या सुनेची आई तोंडाची सैल आहे, तिच्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या नातलगांत आजही बोललं जातं. ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे सर्वांत आधीपासून मला ठाऊक होतं. म्हणून हे लिहून ठेवतो.

मुलाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. शेवटी अंधेरीतल्या एका डॉक्टरकडे उपचार सुरू झाले. गर्भ पोटात ठेवला, की दोनेक आठवड्यांनी रक्त तपासतात, तोवर नुसतं थांबायचं. सुनेने एकच अट घातली होती, कुणालाही सांगायचं नाही. माझी बायको आधीच गेलेली, म्हणून तिची आई मुलुंडहून कांदिवलीला आमच्याकडे राहायला आली. येताना कडवे वाल घेऊन आली. रोज थोडे भिजवून, मोड आणून दोघींमध्ये घेऊन बसायची. "सोल. हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं," म्हणायची. इंजेक्शनांनी सुनेच्या कमरेवर गाठी आल्या होत्या, त्या ती गरम फडक्याने शेकायची. शिंक आली तरी सून पोट धरायची. "शिंकून काही पडत नाही गं," आई म्हणायची, आणि दोघी थोडं हसायच्या.

मला मात्र ते थांबणं सोसेना. आम्ही तळकोकणातले. विहीर खणायची असो की मुलीचं लग्न, देवाला कौल लावल्याशिवाय आमच्यात पाऊल उचलत नाहीत. मी गच्चीवर जाऊन गावी चुलतभावाला फोन केला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गच्चीवर गेलो, त्याने देवळातून फोन लावला आणि देवापुढे धरला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं मनात घालत नाहीत, खणखणीत आवाजात घालतात. "देवा महाराजा, तुझ्या मुंबैच्या लेकराच्या सुनेच्या पोटात डॉक्टरान गर्भ ठेवलो हा, तो राखून दी रे महाराजा!" मागून जमलेली माणसं म्हणाली, "व्हय महाराजा!" बरीच माणसं असावीत. गुपित फुटलं, हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही. मी कान देऊन होतो, देवाच्या अंगावर चिकटवलेली होकाराची उजवी पाकळी पडते की नकाराची डावी, एवढ्यासाठीच.

"उजवो दिल्यान रे दादा!" भाऊ ओरडला. "आता काय्येक काळजी नको."

मी खाली आलो आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

पुढच्याच आठवड्यात मालाडची माझी चुलतबहीण नारळ आणि घावणे घेऊन दारात उभी. "कळला हां आमका! आता माका आत्येआजी म्हणणारा येतला!"

सुनेचा चेहरा उतरला. "काय कळलं, आत्या?"

बहीण तोंड उघडणार, तोच मी म्हटलं, "अगो, बस आधी. चहा घेतंस मां?" आणि तिला स्वयंपाकघरात नेलं.

"कौलाचा नाव काढू नको," मी कुजबुजलो.

"मग कोणी सांगल्यान म्हणान सांगू?"

"काय सांगू नको. नुसती हस."

ती बाहेर येऊन नुसती हसली. सुनेने तिच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या आईकडे. आई आणि माझी बहीण आदल्या आठवड्यात मालाडच्या बाजारात भेटल्या होत्या.

रक्त तपासलं त्या दिवशी दुपारी रिपोर्ट मोबाइलवर आला. नव्हतं राहिलं. त्यानंतर कितीतरी दिवस फोन येत राहिले. कितवा महिना, काय खावंसं वाटतं. राहिलं नाही, हे तिला प्रत्येकाला सांगावं लागायचं.

"मी एकटीने रडून मोकळी झाले असते ना गं," ती आईला म्हणाली. "आता जगाला उत्तरं देत बसू?"

"मी कुणाला बोलले नाही."

"मग कोण बोललं? भिंती?"

मी पेपर वाचत होतो. विहीणबाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी त्या पिशवी भरून मुलुंडला गेल्या. पुढे मायलेकींचं बोलणं सणावारापुरतं उरलं.

दुसऱ्या खेपेला सुनेने आईला कळवलंही नाही. वाल भाजीवालीकडून आणले. कमरेमागे तिचा हात नीट पोहोचायचा नाही, तरी स्वतःच शेकायची. तपासणी जवळ आली तसा मी पुन्हा कौल लावायला फोन घेऊन गच्चीकडे निघालो. दारातच थांबलो. तिच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं, त्या चहापर्यंत.

तिचे हात सोलायचे थांबले नाहीत. मग म्हणाली, "आईला माहीत होतं?"

"असावं."

"तुम्ही लावा फोन. मला तोंड नाही."

विहीणबाईंनी माझं बोलणं मध्येच तोडलं. "चहा विचारलात तेव्हाच कळलं, भाऊ. तुम्ही जन्मात कुणाला चहा विचारता?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तिला त्याच घरात राहायचं होतं."

सकाळी त्या आल्या. माझ्याशेजारून सरळ आत गेल्या. दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, दार लोटलेलं होतं.

या खेपेलाही राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, कुणाच्या बोलण्याने, न बोलण्याने काही होत नसतं. माझ्या पहिल्या चुकीला तेवढी सूट मिळाली. पेपरमागे बसून राहिलो, त्याला नाही.

रिपोर्ट आल्यावर दोघी आतच होत्या. रडण्याचे आवाज दोन होते. बाहेर टेबलावर भिजलेले वाल तसेच राहिले होते. मी ते सोलायला घेतले. मला जमत नव्हतं, डाळिंब्या मोडत होत्या. मग मालाडला बहिणीला फोन लावला आणि तिला सांगितलं, आता नुसती हसू नको, कौल मी लावला होता हे सगळ्यांना सांग.