उकंडाचा डावा कान

उकंडा हे नाव आईने हौसेने ठेवले नव्हते. आधीची तीन मुले पाळण्यातच गेली, म्हणून धुरपताबाईने चौथ्याला उकिरड्यावर लोळवले, मरीआईला नवस बोलली आणि मरणालाही किळस यावी असे नाव ठेवले. पोर जगले. जगले ते असे, की बाभुळगावच्या आसपास विहिरीचा काळा खडक फोडायला त्याच्या तोडीचा माणूस उरला नाही. सुरुंगाची वात पेटवून, दोर धरून, खडकातल्या खोबणींत पाय रोवत तो साठ मोजायच्या आत वर येई. मग खाली बार उडे.

छप्पन साली वस्तीने बुद्धाचा धम्म घेतला. घराघरांतले शेंदूर फासलेले देव बेंबळा नदीत सोडायचे ठरले, तेव्हा हात लावायला जो तो मागे सरू लागला. उकंडानेच टोपले डोक्यावर घेतले.

"जिनं तुले देल्लं, तिलेच बुडवून राह्यला तू," धुरपताबाई दारातून म्हणाली. पुढे कितीतरी दिवस ती लेकाशी बोलली नाही.

दोन वर्षांनी वस्तीने स्वतःची विहीर खणायला घेतली. गावच्या विहिरीला वस्तीच्या बाईने हात लावायचा नाही. कोणी वरून घागरीत ओतेल तेव्हा पाणी, तोवर उन्हात उभे राहायचे. उकंडाची बायको सत्यभामा लग्न झाल्यापासून तशी उभी राहत आली होती. म्हणून या विहिरीवर तिचा जीव जडला होता.

तीस हात खोल गेल्यावर एक बार वेळेआधी उडाला. उकंडा अर्ध्यावर होता. वर आला तेव्हा डाव्या कानातून रक्ताची बारीक धार होती. पुसून टाकली, हसला. कान मात्र त्या दिवसापासून आत कोणी रातकिडा कोंडल्यासारखा वाजू लागला.

आणि कावळा बसायला अन् फांदी मोडायला गाठ पडली. गावातून मरीआईचा गाडा निघाला, नेमक्या त्याच दुपारी उकंडा जेवताजेवता ताटावर कोसळला. दोन्ही हातांनी जमीन घट्ट धरून पडला, जसा काही छपरावरून घसरत होता. घर फिरून राह्यलं, म्हणाला. पोटातले सगळे उलटले. सत्यभामेने त्याचे डोळे पाहिले. बुबुळे एका अंगाला सरकत आणि झटक्याने परत येत. ती मनातून फार घाबरली.

शेजारची इंदूबाई धावत आली. "काय झालं व तुया घरवाल्याले?"

उकंडाने पडल्यापडल्या बायकोचे मनगट दाबले.

"पित्त झालं," सत्यभामा म्हणाली.

बियाणे आणायच्या निमित्ताने दोघे यवतमाळला गेली. डॉक्टर भला माणूस. त्याने समजावून सांगितले, की गवंड्याजवळ भिंतीचा तोल पाहायला पाणसळ असते, तशी माणसाच्या कानात असते. ती तुझी बिघडली आहे. गोळ्या दिल्या. विहिरीत उतरायचे नाही, उंच चढायचे नाही, असे दोनदा बजावले.

परत येताना सत्यभामा म्हणाली, "सांगून टाका न लोकायले. कानाचा आजार हाये म्हना."

"कान कोनाले दिसते? लोकायले घेरी दिसन. माय म्हनन देवी कोपली. मंग पाह्य, आठ दिवसात घरोघरी शेंदूर लागते का नाही. पानी लागू दे. मंग सांगतो."

"मंग कमरेले दोर तरी बांधा."

"दोर बांधला की पुसतीन, काहून बांधला."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीत काय जळत होते, ते एकट्या सत्यभामेला ठाऊक. चैत्रात तीन वेळा, वैशाखात पाच वेळा तिने "पित्त" सांगितले. खोटे बोलायची तिला इतकी सवय झाली, की शेवटी शेवटी कोणी विचारायच्या आतच ती सांगून मोकळी होई.

वैशाखातच खडकाला ओल फुटली. एका बाराचे काम राहिले. त्या सकाळी उकंडा कान दाबत उठला. आज जाऊ नका, ती म्हणाली. तो गेला. खालून "बार!" अशी आरोळी आली आणि सगळे पळून बांधामागे बसले. सत्यभामा मोजत होती. पन्नास झाले. साठ झाले. काठावर त्याचा फेटा दिसला नाही. सत्तरला ती उठून धावली.

दोर जागेवरच लोंबत होता. उकंडा त्याच्यापासून दोन हातांवर, डोळे मिटून, खडकाला मिठी मारून उभा होता. एक हात हवेत दोर शोधत होता, भलत्याच बाजूला.

"उजवीकडं! उजवीकडं हाये दोर!"

त्याने वर पाहिले, आणि पाहताच गुडघ्यांवर बसला.

"सत्यभामा, हट! मागं हो!"

ती मागे झाली. जन्मभर नवऱ्याचे ऐकत आली, तसे तेव्हाही ऐकले. मग खाली बार उडाला.

पाणी मात्र लागले. दहा दिवसांत निवळले, गोड निघाले. धुरपताबाईने कणगीत दोन वर्षे लपवलेला शेंदराचा एक दगड आणून काठावर मांडला. तिनं देल्ला होता, तिनं नेला, म्हणाली. कोणी तिला अडवले नाही.

बायका घागरी घेऊन जमल्या तेव्हा सत्यभामा दगडाच्या आडवी उभी राहिली. "देवीनं नाही नेलं त्यायले. त्यायचा कान खराब होता. डाक्टरनं सांगतलं होतं, खाली उतरू नोको म्हनून. घेरी येत होती त्यायले, दोन महिन्यापासून."

बायका इंदूबाईकडे पाहू लागल्या. शेजार तिचा होता.

"मले तर तू हरखेपी पित्तच म्हने," इंदूबाई हळूच म्हणाली. "आता कायले झाकतं व, बाई?"

इंदूबाईने तिला हाताला धरून मायेने बाजूला केले, दगडाला हात लावून कपाळी टेकवला आणि विहिरीत बादली सोडली.