कोण बघतंय का?

केबलचे तुकडे टेबलाखाली साठतात तसे ऑफिसातले किस्से साठतात. कुणी मुद्दाम ठेवत नाही, कुणी टाकतही नाही. मी सातवी शिकलेला लाईनमन. कोल्हापुरातल्या एका केबल कंपनीत पंधरा वर्षं खांब चढलो. रोज सकाळी मालक गाडीवरून उतरले की पहिलं मला विचारत, "मामा, लाईन कशी हाय?"

दोन हजार सहाच्या सुमारास इंटरनेटच्या वायरीतून टीव्ही दाखवायचं ठरलं आणि ते काम बघायला हुपरीहून शैलजा मॅडम आल्या. मालक त्यांना विचारू लागले.

* * *

पहिल्याच दिवशी त्यांना फिरती खुर्ची मिळाली. मला पंधरा वर्षांत स्टूल! मी सगळ्यांसमोर मालकांना विचारलं, ह्यांना खांबावर चढता येतंय का?

मॅडमच बोलल्या, "न्हाय मामा. पण तुमी वर गेलासा की कुठं बघायचं ते खालनं सांगीन."

मालक पोट धरून हसले. मी शिडी उचलली.

* * *

नव्या पद्धतीत प्रत्येक चॅनेलला आकड्यांचा एक पत्ता. जे घर तो पत्ता मागेल, त्याच घरी तो चॅनेल जाणार. पहिला चॅनेल ऑफिसात झकास दिसला. पेढे वाटले. शाहूपुरीत मात्र पडदा काळा. मला तीनदा खांबावर चढवलं. तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "चूक माझी हाय. मी दिलेला पत्ता हापिसातल्या हापिसातच चालणाऱ्या आकड्यांतला निघाला. मशिन त्याला उंबऱ्याबाहेर सोडतच न्हाय."

मला राग आला तो त्यांच्या चुकीचा नव्हे, त्या कबुलीचा. ते पहिलं वाक्य मला पंधरा वर्षांत एकदाही बोलता आलं नव्हतं. त्या ते चहा पिता पिता बोलल्या.

* * *

एकदा कुस्ती आणि कीर्तन, दोन्ही चॅनेलना एकच पत्ता पडला. एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "अवो, बुवांच्या अंगावर पैलवान चढलाय!"

त्या दिवशी मी दोन कप चहा जास्त प्यालो. पण मॅडमनी पाच मिनिटांत पत्ता बदलला. पूर्वी माझं नाव घेऊन फोन करणारा तो माणूस तेव्हापासून मॅडमना मागू लागला.

* * *

रॅकचा वरचा कप्पा पूर्वी माझ्या हत्यारांचा. तिथं मॅडमनी एक जुना राउटर बसवला होता. एका सोमवारी त्या यायच्या आधी मी तो काढून कपाटावर ठेवला आणि कप्प्यात माझी पिशवी ठेवली.

त्या दिवशी चित्र चार मिनिटं चालायचं आणि बंद पडायचं. पुन्हा लावलं की पुन्हा चार मिनिटं. मॅडम सकाळपासून उपाशी घरोघर फिरत होत्या. दुपारी त्यांचा फोन आला. मालकांनी स्पीकर लावला.

"सायेब, आपला एक राउटर सारखा सगळ्या घरांना विचारत असतोय, कोण बघतंय का म्हणून. आज कुणी विचारतच न्हाय. मग बघणारं घर हाय, हे मशिनला कळायचं कसं? ते चित्र तोडून टाकतंय."

मी स्टुलावर बसून ऐकत होतो.

मालक जेवायला गेल्यावर मी राउटर जागेवर लावला. चित्र चालू राहिलं. मॅडम आल्या. त्यांनी रॅककडे बघितलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. मग डबा उघडून जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी राउटरवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'मामांना विचारल्याशिवाय हलवू नये.'

ती वाचून मालक माझ्याकडे वळले.

"मामा, जरा सरकवू का? मागं धूळ लई झालीया."

मी म्हणालो, "न्हाय."