विंच जाम नव्हती

दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत माझी पोस्टिंग विंचवर, म्हणजे वायर गुंडाळायच्या यंत्रावर झाली. शिक्षण चौथी. कागदाचं काम कुणी दिलं नाही, मी मागितलंही नाही. आमची बोट लँडिंग क्राफ्ट. पायदळाचे दोनशे जवान पोटात घ्यायचे, किनाऱ्यावर नाक चढवायचं, पुढचे दोन रॅम्प सोडायचे, जवान उतरवायचे आणि माघारी फिरायचं. तिला नाव नव्हतं, नुसता नंबर.

माघारी फिरायला मी लागायचो. किनारा यायच्या आधी मागचा नांगर पाण्यात टाकायचा. जवान उतरले की त्याची वायर विंचवर गुंडाळायची, म्हणजे बोट मागे ओढली जाते. विंच बिघडली तर बोट तिथेच बसते आणि दुश्मन तिला निवांत फोडतो. म्हणून मी विंचला दिवसातून दोनदा तेल द्यायचो.

दत्ताराम माझ्या शेजारच्या गावचा, हर्णैचा. त्याचं काम पुढे. रॅम्प पडला की दोर घेऊन छातीभर पाण्यात उतरायचं. तो दोर धरून जवान किनारा गाठायचे.

"तुझं बरं आहे रे," तो म्हणायचा. "मागे बसून तेल घालतोस. भिजायचं आम्ही."

"मग ये इकडे."

"नको बाबा. तेलकट माणसाला पोरगी कोण देईल?"

मांडव्याला सराव झाला. मग ब्रह्मदेशात, आराकानचा किनारा. सहा लँडिंगं झाली, कुणाला खरचटलंही नाही.

सातवं लँडिंग. सकाळी सात दहाला बोट चिखलाला लागली. सात पंचवीसला शेवटचा जवान उतरला. ओहोटी लागली होती, थांबलं तर बोट चिखलात रुतणार. झाडीतून मॉर्टर सुरू झाले. पुढे गेलेल्यांतले जखमी परत येऊ लागले, कुणी स्ट्रेचरवर, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर.

स्किपर बावीस वर्षांचा गोरा लेफ्टनंट. ब्रिजवरून, बोलायच्या नळीतून त्याचा आवाज आला. "हॉल अवे!" म्हणजे ओढ.

मी बाजूने वाकून पाहिलं. दत्ताराम पाण्यात, दोर खांद्यावर, एक हात वर. थांब.

मी लिव्हरवरचा हात काढला. "विंच जाम, सर."

"किती वेळ?"

"चार मिनिटं, सर."

विंचचं इंजिन धडधडत होतं. ब्रिजवर ऐकू जात होतंच. स्किपरने वळून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड पुढे केलं.

सात जखमी चढले. सातव्याला वर ढकलून दत्तारामने रॅम्पला हात घातला आणि गोळा पाण्यात पडला. तो पुन्हा दिसला नाही. मी वायर ओढली. बोट निघाली.

पुढे त्याच बोटीने तांदूळ वाहिला, सुटलेले युद्धकैदी घरी आणले. मग ती भंगारात गेली. मी हर्णैला जाऊन त्याच्या घरी सांगितलं, विंच जाम झाली म्हणून. दोन वर्षांनी त्याच्या बहिणीशी लग्न केलं. इंदू. तिलाही तेच सांगितलं. म्हातारपणी आम्ही इंग्लंडात, रीडिंग गावी आलो, डॉक्टर मुलाकडे.

या जानेवारीत इथल्या माजी सैनिकांनी प्रत्येकाच्या बोटीची, पलटणीची हिस्टरी मागवली. माझ्या बोटीच्या लॉगबुकाची नक्कल आली. नातीने वाचली: विंच जाम, चार मिनिटं. एक खलाशी गेला. नाव नाही.

"आजोबा, ती विंच खरंच जाम झाली?"

मी नक्कल घडी करून खिशात ठेवली.

फेब्रुवारीत इंदू हॉस्पिटलात होती. दुपारी व्हिजिटिंगला मी एकटाच होतो. खरं ते सांगून टाकलं.

ती म्हणाली, "अहो, दर शनिवारी दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालणारा माणूस तुम्ही. तुमची विंच जाम होईल?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. साठ वर्षं लावलीत." थोडा दम घेतला तिने. "दादाने हात वर केला ना? त्याचं ऐकलंत तुम्ही. आता त्याचं नाव लिहा."

चौथ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर घरातली सगळी दारं करकरायला लागली. मी हात लावला नाही. एका शनिवारी नातीला म्हटलं, माझ्या बोटीची हिस्टरी टाईप कर. विंच चांगली होती. हात मी काढला. पाण्यात कोण होता ते पुढे लिही. तिने लिहिलं, डोळे पुसले आणि विचारलं, "आजोबा, तेलाचा डबा कुठे आहे?" त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून सगळ्या दारांना तेल घातलं.

नोव्हेंबरात स्मारकापाशी युद्धात गेलेल्यांची नावं वाचतात. आमच्या माजी सैनिकांचा सेक्रेटरी गोरा, जुना तोफची आहे. तो म्हणाला, "हे नाव तूच वाच. माझ्या तोंडात मोडेल ते."

मी कोट नीट केला, पुढे झालो आणि वाचलं.

दत्ताराम गोविंद पावसकर. गाव हर्णै. वय वीस. काम, दोर धरणे. सात जण परत आणले.