मोराग आणि सगळं ठीक असल्याची पत्रं

जर्मनीतल्या येना गावातल्या आमच्या हॉस्टेलमधले किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. एका मजल्यावरच्या लोकांनी तीन वर्षं एकच किचन वापरलं की ते आपोआप साचतात. दोन हजार सहाच्या आसपास तिथे मी होते, लेझरवर पीएचडी करणारी पुण्याची. कोल्हापूरचा शिरीष होता, आणि मोराग होती. मोराग स्कॉटलंडची. तिथून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेलेल्या लोकांनी घरी लिहिलेली जुनी पत्रं, हा तिचा अभ्यासाचा विषय.

पहिल्याच आठवड्यात मी एका मैत्रिणीशी तिची ओळख करून दिली, "ही मोराग, इंग्लिश आहे."

मोराग गोड हसली, मैत्रिणीशी हात मिळवला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ही अनघा, गुजराती आहे."

पुन्हा चूक झाली नाही.

*

माझा व्हिसा वाढवायचा होता. मोरागला व्हिसा लागत नव्हता, पण माझं जर्मन कच्चं म्हणून ती व्हिसाच्या ऑफिसात सोबत आली. तिथल्या बाईंनी तिचं जर्मन दोन मिनिटं शांतपणे ऐकलं आणि नम्रपणे सुचवलं, की आपण इंग्लिशमध्ये बोलू या. मोराग खूश झाली आणि तिच्या गावच्या इंग्लिशमध्ये सुरू झाली.

बाईंनी आणखी दोन मिनिटं ऐकलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "त्या काय म्हणतायत, ते तुम्ही जरा सांगाल का?"

*

एका रविवारी मोरागने हॅगिस केलं. मेंढीचं काळीज, फुप्फुस वगैरे बारीक करून, त्यात ओट घालून, ते मेंढीच्याच पोटात भरून शिजवतात. मी शाकाहारी, त्यामुळे खिडकीपाशी बसले. शिरीषने एक घास खाऊन निकाल दिला, की ही आमची वजडीच आहे, फक्त मसाला घालायचा राहिलाय. मग घरून आलेला कांदा-लसूण मसाला त्याने स्वतःच वर घातला. मोरागने डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्लं. हे आजोबांना कळता कामा नये, एवढंच म्हणाली.

जेवताना तिने आजोबांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. जमीनदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या. मेंढ्या जास्त फायद्याच्या, म्हणून त्याने अख्खं गाव उठवलं. त्यातले निम्मे लोक जहाजात बसून कॅनडाला गेले.

शिरीषने आणखी एक घास घेतला. मग ताटाकडे बघत म्हणाला, "म्हणजे मेंढ्यांसाठी तुम्हाला हाकललं, आणि तुम्ही तेव्हापासून मेंढीचं पोटसुद्धा सोडत नाही. बरोबर आहे."

*

एक जानेवारीला सकाळी आमचं हीटिंग बंद पडलं. हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारे गृहस्थ, सुट्टी असूनही अवजारांची पेटी घेऊन आले. आधी मोरागच्या दारात गेले. तिने त्यांना आत घेतलंच नाही. स्कॉटलंडमध्ये असं मानतात, की नव्या वर्षात उंबरा पहिल्यांदा काळ्या केसांच्या पुरुषाने ओलांडावा. सोनेरी केसांचा माणूस दारात येणं वाईट, कारण पूर्वी तसले लोक समुद्रातून लुटायला यायचे.

हाउसमाइस्टर पिकलेल्या मक्यासारखे सोनेरी. मी जाऊन शिरीषला उठवलं. तो ब्लँकेट पांघरून आला, उजवा पाय आत टाकला आणि परत झोपायला गेला.

हाउसमाइस्टरनी त्या पाठमोऱ्या ब्लँकेटकडे पाहत मला विचारलं, "हे हीटिंगवालेच आहेत का?"

*

मोरागच्या त्या पत्रांत बहुतेक सगळीकडे एकच मजकूर असायचा. हवा छान आहे, खायला भरपूर आहे, काळजी करू नका. ज्या महिन्यात घर जळालं त्या महिन्यातही तेच. घरच्यांना हे खरं वाटायचं का, हे तिला कळत नव्हतं, कारण घरून गेलेली उत्तरं फारशी उरली नव्हती.

मग माझी आई येनाला आली. मोराग हेच विचारायला वही घेऊन किचनमध्ये बसली आणि मला दुभाषी केलं. आदल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून माझं मनगट मोडलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. प्लास्टर घातलेला हात टेबलाखाली ठेवून सहा आठवडे वेबकॅमवर बोलले होते. आईचा कॅमेरा तेव्हा बिघडलेला, तिचा नुसता आवाज यायचा. आता ते कबूल केलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," आई म्हणाली. "तुला हात न हलवता बोलता येतं का कधी? पुतळ्यासारखी बसली होतीस."

मग विचारलं का नाहीस, म्हटलं.

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, आई, तुझाही कॅमेरा नीट करून घे."

"बिघडलाच होता ना तो?"

आईने चहाचा कप खाली ठेवला. "कॅमेऱ्याला काय झालं होतं? मीच न्हाणीघरात पडले होते. कपाळाला सात टाके होते."

केसांखालची ती खूण मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मोराग पेन धरून थांबली होती. आई काय म्हणाली, असं तिने विचारलं.

"ती म्हणते," मी म्हटलं, "घरी सगळं ठीक होतं."