उठवणाऱ्या मावशी

दारावरच्या पाटीवर 'महिला प्रतीक्षालय' असं लिहिलंय, पण पाटी वाचायला वेळ आहे कुणाला? येणारी प्रत्येक बाई 'लेडीज वेटिंग कुठे?' असं विचारते, आणि हमाल हात करून सांगतात, 'ते काय, मावशींकडे जा.' मावशी म्हणजे तिथली देखरेख करणारी बाई. दाराशी टेबल टाकून बसायचं, तिकीट बघून आत सोडायचं, बाथरूमची किल्ली सांभाळायची, पंखे लावायचे, आणि गर्दीच्या वेळी बाकभर पसरलेल्या बाईला 'ताई, पाय घ्या जरा' म्हणायचं. हे झालं साहेबांनी नेमून दिलेलं काम. मावशींचं खरं काम वेगळंच होतं आणि ते त्यांच्या गळ्यात आपोआप पडलं होतं.

त्याचं असं झालं की खोलीतला भोंगा मुका होता. फार वर्षांपूर्वी कुणा बाईचं तान्हं बाळ घोषणेने सारखं दचकत होतं, म्हणून ती खुर्चीवर चढली, भोंग्यात चिंधी कोंबली आणि आपल्या गाडीत बसून खुशाल निघून गेली. मावशींनी ती चिंधी ओढून काढली तर चिंधीबरोबर आतलं काहीबाही तुटून हातात आलं. तक्रारी झाल्या. माणसं आली, माना वर करून बघून गेली, एकाने तर फोटोही काढला. भोंगा आपला मुकाच आहे. मग काय करणार, मावशीच भोंगा झाल्या. दारात उभं राहून बाहेरची घोषणा ऐकायची आणि आत येऊन सांगायचं, अमुक गाडी आली, तमुक फलाटावर लागतेय, उठा बायांनो.

आणि ज्या झोपल्या असतील त्यांना उठवायचं. यात मात्र मावशींचा हात धरणारं कुणी नव्हतं. नव्या नव्या असताना त्या खांदा हलवायच्या, पण खांदा हलवला की माणूस दचकतं. एकीने तर झोपेतच त्यांच्या कानाखाली काढली होती. तेव्हापासून त्यांनी पायाचा अंगठा धरला. पांघरुणावरून अंगठा चिमटीत घ्यायचा आणि हलकेच दाबायचा, की माणूस न दचकता जागं होतं. जागं होताना ते काय काय करतं तेही मावशींना पाठ झालं होतं. आधी डोळे छताकडे, कारण आपण कुठे आहोत याचा पत्ता नसतो. मग हात सामानाकडे. मग तोंड पुसायचं आणि विचारायचं, 'आली का?' म्हातारी असो नाहीतर नवी नवरी, डॉक्टरीण असो नाहीतर भाजीवाली, सगळ्यांचं हेच. मावशी घरी त्याची नक्कल करून दाखवायच्या, तेव्हा त्यांची लेक पोट धरधरून हसायची.

'माझ्या हातून आजवर कुणाची गाडी चुकली नाही.' हे वाक्य मावशींनी इतक्यांदा म्हटलं होतं की त्यांचा मुलगा ते त्यांच्या आधीच म्हणून टाकायचा. पण खरंच होतं ते. आयुष्यात मिरवावं असं दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतं, मग एवढं मिरवलं तर कुणाचं काय गेलं?

त्या दिवशी सकाळी ती लेकच खोलीत येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसली. सासरी परत चालली होती. गाडी दुपारच्या आत निघणार होती आणि प्रवास लांबचा होता, पुरा एक दिवस आणि एक रात्र.

लेक माहेरी आली होती तीही आपल्या मर्जीने नव्हे. जावयाला कामासाठी परगावी जायचं होतं, म्हणून तो स्वतः तिला आणून सोडून गेला. आल्यावर भांडी पुसता पुसता लेक हसत हसत बोलून गेली, 'ते कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जातात ना, म्हणून एकटीला ठेवणं बरं नाही म्हणाले.' मावशींना आधी कळलंच नाही. 'कशाला कुलूप?' तर म्हणाली, 'दाराला. संध्याकाळी आले की काढतात. दूध खिडकीतून घ्यायचं. सवय होते गं.' मावशींच्या हातातलं ताट हातातच राहिलं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि पोरीने तोंडातून ब्र काढला नव्हता.

मुलाच्या कानावर घातलं, तर तो कपाळ चोळत बसला. मुलगा वाईट नाही हो, दमलेला आहे. म्हणाला, 'आई, मारत तर नाही ना? काळजीपोटी करत असेल. आणि ठेवायचं म्हटलं तर ठेवायचं कुठे?' घर ते केवढं? दोन खोल्या. एकीत मुलगा आणि सून, सुनेचे दिवस भरत आलेले. दुसरं स्वयंपाकघर, तिथे मावशी झोपायच्या आणि त्यांना चिकटून लेक. बाळ आलं की सुनेची आईही यायची होती. सून एका शब्दाने वाईट बोलली नाही, पण बाळाचे कपडे ठेवायला जागा शोधत ती घरभर फिरायची, तेव्हा लेक उठून जिन्यात जाऊन बसायची. एके दिवशी तांदूळ निवडताना लेकीने विचारलं, 'मी इथेच राहिले तर चालेल का गं?' मावशी म्हणाल्या, 'बघू.' त्यानंतर त्यांनी काहीच बघितलं नाही. बघण्यासारखं काही दिसेना, म्हणून. जावयाचा फोन आला आणि मुलाने तिकीट काढून आणलं.

तर गाडी लेट झाली. मावशी घोषणा ऐकून आत आल्या आणि लेकीला म्हणाल्या, 'उशीर आहे गं.' हे सांगताना त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. थोड्या वेळाने गाडी आणखी लेट. खोलीतल्या बाया वैतागून रेल्वेच्या नावाने बोटं मोडायला लागल्या, आणि मावशी मनातल्या मनात म्हणत होत्या, होऊ दे अजून उशीर.

पण मिळालेल्या वेळाचं त्यांनी केलं काय? लेकीशेजारी जाऊन बसावं, तर कुणीतरी हाक मारे. नळ गळतोय. पोराने बाकावर घाण केली. एक बाई बिनतिकिटाची शिरली आणि वर मावशींनाच कायदा शिकवायला लागली. सगळं निस्तरून परत येऊन बसल्या, तर तोंडातून निघालं काय? 'शाल वर ठेवलीस ना?' 'डब्याचं झाकण घट्ट बसत नाही, उभाच ठेव.' जे बोलायचं होतं ते राहूनच जायचं.

लेक टेबलाकडे बघत होती. मग सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, 'आई, इथे तुझ्या हाताखाली अजून एक बाई नाही का लागत?'

'लागते की. पण भरती बंद आहे,' मावशी म्हणाल्या. 'आता सगळं ठेक्यावर. ठेकेदाराची माणसं आधीच ठरलेली असतात.' असं म्हणून त्यांनी ठेकेदाराच्या माणसांच्या दोन तक्रारीही सांगितल्या. लेकीने सगळं ऐकून घेतलं. तिने काय विचारलं होतं हे मावशींच्या डोक्यातच शिरलं नाही. एरवी इतक्या हुशार, पण त्या दिवशी डोकं जागेवर होतं कुठे?

जेवणवेळ टळली. खोली पेंगायला लागली. लेकीने बॅग उशाला घेतली, चप्पल काढली, शाल अंगावर ओढली. 'मी पडते जरा,' ती म्हणाली. 'गाडी आली तर...'

'झोप तू निवांत. उठवते मी. माझ्या हातून आजवर कुणाची...'

'माहितेय,' लेक म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून वळली.

गाडी आली तेव्हा मावशी दारातच होत्या. घोषणा स्वच्छ ऐकू आली, पुलापलीकडचा फलाट, थोडाच वेळ थांबणार. त्या गाडीच्या अजून तिघी-चौघी आत होत्या. एरवी मावशींचा आवाज असा की पलीकडच्या चहावाल्यालाही कळावं कुठली गाडी आली. आज त्या एकेकीच्या कानाशी लागून कुजबुजत सांगत सुटल्या. एक म्हातारी म्हणाली, 'मोठ्याने बोला, ऐकू येत नाही.' मावशींनी तिला हाताला धरून दारापर्यंत नेलं, पण आवाज काही वाढवला नाही. सगळ्या गेल्या. कोपऱ्यातल्या बाकावर लेक तशीच, भिंतीकडे तोंड करून.

मावशी तिच्या पायाशी जाऊन उभ्या राहिल्या. नाही उठवलं तर? झोप लागली, गाडी गेली, संपलं. त्यात कुणाचा दोष नाही, कुणाला काही ठरवावं लागलं नाही. पण मग संध्याकाळी हिला घेऊन घरी जायचं. मुलगा कपाळ चोळत बसेल. जावई फोन करेल, मग स्वतः येईल. आणि तो विचारेल, तुमच्या हातून कुणाची गाडी चुकत नाही ना, मग हिचीच बरी चुकली? त्यांनी हात पुढे केला आणि शालीवरून अंगठा चिमटीत धरला. दाबला नाही, नुसता धरून ठेवला. रांगायला लागण्याआधी हाच अंगठा ही पोर तोंडात घालायची. हात काढावा, टेबलाशी जाऊन बसावं, जे व्हायचं ते होऊ दे, असं त्यांना फार फार वाटलं.

तेवढ्यात दारातून पैलवानाने डोकं आत घातलं. पैलवान म्हणजे एक हमाल, अंगावर मूठभर मांस नाही म्हणून सगळे त्याला तसं म्हणतात. सकाळी मावशींनीच त्याला सांगून ठेवलं होतं, पोरीचं सामान तेवढं पोचव. 'मावशी, गाडी लागलीय. चला, बॅग द्या,' तो म्हणाला.

मावशींनी अंगठा दाबला.

लेक उठून बसली, चप्पल घातली, शाल घडी करून बॅगेत कोंबली. 'येते,' म्हणाली आणि वाकून पाया पडायला लागली, तर मावशींनी तिला वरच्यावर धरलं. खोली सोडून जाता येत नव्हतं, दुसरी बाई पाळीवर यायला अवकाश होता. त्या दारात उभ्या राहिल्या. पुलाच्या पायऱ्यांवर पैलवानाच्या डोक्यावरची बॅग काही वेळ दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली तेव्हा मावशी परत टेबलाशी येऊन बसल्या.

पुढची गाडी लागली. खिडकीजवळ एक जाडजूड बाई घोरत होती, तिची ती गाडी. मावशी उठल्या, तिचा अंगठा दाबला. बाईचे डोळे उघडले आणि छतावर खिळले. मग हात पिशवीकडे गेला, पिशवी चाचपली. मग पदराने तोंड पुसलं आणि ती म्हणाली, 'आली का?'

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. आपल्या लेकीने छताकडे बघितलं नव्हतं. तिने सामान चाचपलं नाही, तोंड पुसलं नाही, गाडी आली का म्हणून विचारलं नाही. अंगठा दाबल्याबरोबर उठून बसली आणि सरळ आईच्या तोंडाकडे बघितलं. पोरगी झोपलीच नव्हती.

मावशींनी लेकीला फोन लावला, तो पहिल्याच रिंगला उचलला गेला.

'बसले गं आई. खिडकीची जागा मिळालीय.'

'तू जागी होतीस,' मावशी म्हणाल्या.

मग लेक म्हणाली, 'तुझा हात किती वेळ नुसताच होता गं अंगठ्यावर. मला वाटलं, काढशील.'

मावशी घाईघाईने म्हणाल्या, 'उतर. पुढच्या स्टेशनात उतर तू. मी येते तिथे.'

'आई, त्यांचा फोन येतोय मधेच. एंगेज लागला तर विचारत बसतात, कुणाशी बोलत होतीस म्हणून. ठेवते.'

'ऐक माझं...' पण फोन ठेवला गेला होता. मावशींनी परत लावला. एंगेज. थोडं थांबून परत लावला, एंगेज. किती वेळ बोलतो हा माणूस, असं म्हणत त्या लावत राहिल्या, आणि नंतर तर फोन बंदच लागायला लागला. मुलाला लावला तर तो म्हणाला, 'बसली ना नीट? बरं झालं.' मावशींनी फोन ठेवला.

टेबलापुढे एक तरुण मुलगी येऊन उभी होती, पाठीवर भली मोठी बॅग, डोळे झोपेने जड झालेले. तिने तिकीट दाखवलं. 'मावशी, बाहेर सगळे सांगतात तुम्ही बरोबर उठवता म्हणून. मी झोपू ना जरा?'

मावशींनी तिकीट तिच्या हातात परत दिलं.

'झोप ना,' त्या म्हणाल्या. 'पण माझ्या भरवशावर नको, बाळा. मोबाइलला गजर लाव.'